आळंदी ते पंढरपूर: पायी वारीचा रोजचा खर्च कसा बसवायचा

‘वारीला काय लागतं? टाळ आणि माळ,’ असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा पुण्याच्या मुक्कामात भेटतो. तोच लोणंदला हळूच बाजूला घेऊन शंभर रुपये उसने मागतो. दुसरा प्रकार याच्या उलट. दहा-बारा हजार रुपये एकाच पाकिटात, पाकीट पँटच्या मागच्या खिशात, आणि दिवे घाट चढून वर आल्यावर खिसा रिकामा.

आमच्या दिंडीत हिशोबाची वही माझ्याकडे असते. नव्या वारकऱ्यांच्या तीन चुका दरवर्षी ठरलेल्या. भिशीत, म्हणजे दिंडीच्या वर्गणीत, काय येतं ते विचारत नाहीत, सुट्टे पैसे आणत नाहीत, आणि पंढरपूरच्या आधीचा शेवटचा मुक्काम वाखरी यायच्या आत परतीचे पैसे खर्चून बसतात. म्हणून हे क्रमाने लिहितोय. मार्ग माउलींच्या पालखीचा धरला आहे. तुकोबांच्या पालखीबरोबर यवत, बारामती, इंदापूर, अकलूज असे जाणार असाल तर गावं बदलतील, हिशोब तोच राहील. खाली दिलेले भाव हे अंदाज बांधण्यासाठी धरलेले आकडे आहेत. भिशीचा नेमका आकडा आपापल्या दिंडीलाच विचारा.

१. पैसे मोजण्याआधी दिवस मोजा

जो तो म्हणतो, वारी अठरा दिवसांची. हिशोब इथेच चुकतो.

प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. पुढे तिथी कशा पडतात त्यावर एखादा दिवस कमी-जास्त होतो. २०२४ साली प्रस्थान २९ जूनला झालं आणि पालखी १६ जुलैला पंढरपुरात पोहोचली, म्हणजे १८ दिवस. २०२५ साली १९ जून ते ५ जुलै, म्हणजे १७. हा फरक बहुधा लोणंदला दिसतो. तिथे एखाद्या वर्षी एक रात्र, एखाद्या वर्षी दोन.

पण तुमचा खर्च प्रस्थानाच्या आदल्या दिवशीच सुरू होतो, कारण प्रस्थानाच्या दिवशी आळंदीत शिरणं अवघड असतं. आणि तो एकादशीला थांबत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, तोवर दिंडी पंढरपुरातच असते. म्हणजे घरातून निघून काल्यापर्यंत २३ ते २४ दिवस धरा. एकादशीलाच परतणार असाल तर १९ ते २०.

चाल रोज सारखी नसते, म्हणून खर्चही सारखा नसतो. आळंदी ते पुणे सुमारे २९ किलोमीटर, पुणे ते सासवड ३२ च्या आसपास. नंतर सासवड-जेजुरी १६, लोणंद-तरडगाव अवघे ८. लांब चालीच्या दिवशी तहान-भूक जास्त, पण खर्चाला वेळ नसतो. छोट्या चालीच्या दिवशी माणूस दुपारीच तळावर पोहोचतो आणि मग बाजारात फिरतो. माझ्या वहीत तरडगावच्या दिवशीचे किरकोळ खर्च नेहमी जास्त निघतात.

तपासा: या वर्षीचं वेळापत्रक हातात आहे का? संस्थान ते आधी जाहीर करतं. त्यावर प्रत्येक मुक्कामापुढे पेन्सिलीने आकडा लिहायची जागा ठेवा.

२. दिंडी ठरवा, आणि भिशी देण्याआधी प्रश्न विचारा

दिंडीत प्रत्येकाने जेवण-मुक्कामासाठी जी वर्गणी द्यायची ती भिशी. वारीतला हा सगळ्यात मोठा खर्च, आणि सगळ्यात कमी विचारपूस याचीच होते. गावाकडच्या जुन्या दिंडीत थोडे पैसे आणि सोबत पायली-दोन पायली धान्य असं चालतं. शहरातून निघणाऱ्या दिंडीत सगळं रोख असतं, आणि दोन्हींत तिप्पट-चौपट फरक असू शकतो. महाग दिंडी वाईट नाही आणि स्वस्त दिंडी चांगलीच असेल असंही नाही. त्या पैशात काय येतं, एवढं बघायचं.

दिंडीचालकांना फोन करून एवढं विचारा:

भिशी पंढरपूरला पोहोचेपर्यंतची की काल्यापर्यंतची? काही ठिकाणी पंढरपुरातल्या मठाचे किंवा धर्मशाळेचे पैसे वेगळे असतात, आणि ते नवख्याला वाखरीत कळतं.

आळंदीतल्या आदल्या रात्रीची सोय धरली आहे का?

दोन पंगती नक्की, पण सकाळचा चहा? नाश्ता? एकादशीचं फराळ?

झोपायला राहुटी की मोठा तंबू, आणि एकात किती जण? बायकांची राहुटी वेगळी का?

ट्रकमध्ये सामान किती चालतं? पत्र्याची ट्रंक घेतात की फक्त वळकटी आणि पिशवी?

अंघोळीच्या पाण्याचा टँकर दिंडीचा स्वतःचा आहे का?

मध्येच वारी सोडावी लागली तर पैसे परत मिळतात का? बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, कारण शिधा आधीच भरलेला असतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

पावती घ्या. ‘माउली, आपल्यात पावती कशाला?’ असं कुणी म्हटलं तरी घ्या. पैसे घेणारा आणि ट्रकवर सामान चढवणारा माणूस वेगवेगळा असतो.

चार-पाच दिवसच चालणार असाल तर पूर्ण भिशी भरू नका, रोजाचा हिशोब विचारा. अनेक दिंड्या घेतात. मात्र पुणे-सासवड या टप्प्याला एक दिवसाच्या वारकऱ्यांची इतकी गर्दी असते की पंगतीचं गणित कोलमडतं. त्या दिवशी नकार मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका.

दिंडीशिवाय, मोकळ्या समाजात चालणारेही पुष्कळ. त्यांची भिशी वाचते खरी. पण सामान खांद्यावर, रात्र शाळेच्या ओसरीत किंवा देवळात, आणि जेवण मिळेल तिथे. पाऊस आला की लॉज शोधायचा, पाठ भरली की पुढच्या गावापर्यंत गाडी करायची. असे दोन-तीन प्रसंग आले की वाचलेली भिशी गेली. पहिल्या वर्षी हे करू नका.

एक गैरसमज इथेच मिटवतो. २०२४ साली राज्य सरकारने दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये जाहीर केले, तेव्हापासून ‘सरकार देतं, मग भिशी कशाला?’ असं विचारणारे भेटतात. दोनशे माणसांच्या दिंडीत ते माणशी १०० रुपये झाले. दहा चहा. तेही दिंडीला मिळतात, वारकऱ्याच्या हातात नाही.

३. जे रस्त्यात महाग पडतं ते घरून घ्या

नवीन काहीच घेऊ नका, हा पहिला नियम. विशेषतः पायातलं. महिनाभर वापरलेली सँडल किंवा कॅनव्हासचे बूट, आणि पिशवीत एक साधी स्लीपर. नव्या बुटांनी पुण्यापर्यंत फोड आणले की सासवडला घाईत दुसरं पायताण घेतलं जातं, आणि तेही नवंच असतं!

घरून न्यायचं सामान, खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचं तेवढंच सांगतो:

प्लॅस्टिकचा मोठा जाड कागद. डोक्यावरून घेतला की पावसाला चालतो, रात्री वळकटीखाली अंथरला की ओल लागत नाही. पाऊस सुरू झाल्यावर रस्त्यात रेनकोट घेणं म्हणजे दुप्पट पैसे आणि दोन दिवसांत फाटणारा माल.

पाण्याची एक लिटरची बाटली, भरून घ्यायची. रोज चार बाटल्या विकत घेतल्या, २० रुपयाला एक, तर दिवसाचे ८० आणि १८ दिवसांचे १,४४० होतात. टँकर जागोजागी असतात. पोट नाजूक असेल तर क्लोरीनचं द्रावण किंवा गोळ्या ठेवा.

पॉवर बँक, दहा हजार एमएएचची पुरते. तळाजवळच्या दुकानात मोबाइल चार्ज करायचे दहा-वीस रुपये घेतात आणि तासभर तिथे बसून राहावं लागतं. बसल्या जागी भजी आणि चहा होतो, म्हणजे चार्जिंग खरं तर साठ रुपयांना पडतं.

नेहमीची औषधं पूर्ण २५ दिवसांची, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. रक्तदाबाची तुमचीच गोळी तुमच्याच कंपनीची प्रत्येक गावात मिळेल असं धरू नका.

शेंगदाण्याचे किंवा राजगिऱ्याचे लाडू, एक डबा. हे कशाला, ते सासवडच्या टप्प्यावर कळेल.

दोरी, चार चिमटे, कपडे धुण्याचा साबण, सुईदोरा, पायाला लावायला व्हॅसलीन किंवा खोबरेल.

सावध: सामान दिवसभर तुमच्याजवळ नसतं. पहाटे ट्रकमध्ये टाकलं की ते थेट पुढच्या मुक्कामी. ट्रक वेगळ्या रस्त्याने जातात. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत पाणी, कागद, दिवसाची औषधं, लाडू आणि पैसे हवेतच. ट्रंकेत पैसे ठेवून दिवसभर उसनवारी करणारे मी पाहिले आहेत. ट्रंकेतले पैसे रात्रीपर्यंत ट्रंकेत राहतील याची हमीही कुणी देत नाही.

४. पैशाचे चार वाटे

हे निघायच्या आदल्या आठवड्यात करायचं काम आहे. आळंदीत पोहोचल्यावर होत नाही.

पहिला वाटा भिशीचा. तो आधीच भरून मोकळं व्हा, म्हणजे ती रक्कम अंगावर बाळगायची जबाबदारी नाही.

दुसरा हातखर्च. तीन दिवसांचा, ३०० रुपयांच्या आसपास, वरच्या खिशात किंवा चंचीत. सगळे सुट्टे. बँकेतून दहाच्या साठ आणि वीसच्या चाळीस नोटा आधीच आणा, १,४०० रुपये होतात. पाचशेची नोट पुढे केली की चहावाला म्हणतो, ‘राहू द्या माउली, नंतर द्या.’ मग तुम्हीच ओशाळून काहीतरी जास्तीचं घेता. सुट्ट्या पैशांअभावी झालेली खरेदी हा माझ्या वहीतला स्वतंत्र रकाना आहे.

तिसरा साठा. उरलेल्या दिवसांचा, उरलेले सुट्टे आणि बाकीचे शंभर-पाचशेच्या नोटांत. बंडीच्या आत चोरखिसा शिवून घ्या. बायकांनी परकराला आतून खिसा लावावा, किंवा कमरेचा बटवा चालेल. नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, घामाने आणि पावसाने लगदा होतो. दर तीन दिवसांनी यातून हातखर्च भरायचा. तोही राहुटीत बसून, रस्त्यात चोरखिसा उघडायचा नाही.

चौथा परतीचा आणि अडीनडीचा. हा रोख नकोच. बँकेत असू द्या.

आता मोबाइलवरून पैसे देण्याबद्दल. पुण्यात आणि फलटणला बिनधास्त चालतं. पण पालखी तळाच्या आसपास लाखो माणसं एकदम आली की नेटवर्क मान टाकतं. पैसे कापले गेले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, हा वाद पहाटे चार वाजता कुणालाच नको असतो. फोनला जोडलेल्या खात्यात हजार-दीड हजारच ठेवा, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात. फोन गेला तरी सगळं जाणार नाही. एटीएम सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस इथे आहेत, पण पालखी मुक्कामाच्या दिवशी तिथे रांग असते किंवा रोकड संपलेली असते. पैसे काढायचेच असतील तर फलटणला सकाळी काढा.

तपासा: चारही वाटे वेगवेगळ्या जागी आहेत का? बरोबरच्या एका माणसाला चोरखिशाची जागा आणि घरचा फोन नंबर माहीत आहे का?

५. एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत

पहाटे तीन-साडेतीनला जाग येतेच. टँकरच्या थंड पाण्याने अंघोळ फुकट. गरम पाण्याची बादली तळाजवळच्या घरांतून किंवा हॉटेलांतून विकत मिळते, वीस-तीस रुपये धरा. रोज घ्यायची म्हटलं तर वारीभरात पाचशेच्या वर जातात. अंग दुखत असेल त्या दिवशी घ्या, एरवी नको. शौचालयासाठी ठिकठिकाणी फिरती सोय केलेली असते. बायकांनी मात्र रोजचे दहा-वीस रुपये यासाठी वेगळे धरावेत. स्वच्छ जागा मिळत असेल तर तिथे काटकसर करू नये. पाणी कमी पिऊन दिवस काढला की पुढचा खर्च दवाखान्याचा असतो.

दिंडीचा चहा घेऊन निघालात की पहिल्या दोन तासांत खर्च नाही. नंतर रस्त्याच्या कडेने चहा, बिस्किटं, केळी, चिक्की वाटणारे उभे असतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हात पुढे आला की घ्यायचं, असं करू नका. पुणे आणि सासवडपर्यंत इतकं वाटप होतं की लोक पिशव्या भरतात, रात्रीपर्यंत अर्धं फेकतात आणि तिसऱ्या दिवशी पोट बिघडवून बसतात. पुढे नीरेनंतर वाटप विरळ होत जातं. ज्याला फुकटाची सवय लागली त्याचा हात तिथून खिशाकडे वळतो. फुकट असो वा विकत, खाणं दिंडीच्या पंगतीभोवतीच ठेवा.

दुपारी विसाव्याला पंगत. पंगत चुकवू नका. ‘जरा पुढे जाऊन बसतो’ म्हणून दिंडी सोडून पुढे गेलात की दिंडीचा स्वयंपाक सापडत नाही आणि हॉटेलात शंभर-सव्वाशेची थाळी खावी लागते. भिशी भरूनही. आपल्या दिंडीचा क्रमांक, रथाच्या पुढे की मागे, हे पाठ असू द्या. शेकडो दिंड्यांत ‘आमची दिंडी पाहिली का?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘रथामागे अमुक नंबर’ म्हटलं की कुणीही दाखवतो.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते. पालखीचे चोपदार हातातला दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याची माहिती तिथे पुकारली जाते. पाकीट, चष्मा, फोन काही गेलं असेल तर रात्री तळभर फिरण्यापेक्षा आधी तिथे पोहोचा.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं: खर्च लिहा. छोटी वही, एका मुक्कामाला एक पान. चहा, चार्जिंग, पाणी, दान, औषध, इतर. ‘इतर’ सलग दोन दिवस सगळ्यात मोठं आलं की काहीतरी सुटतंय.

या सगळ्याला रोज १०० रुपये पुरतात. दिंडीच्या बाहेरचे दोन चहा, एखादं फळ, एक दिवसाआड चार्जिंग किंवा गरम पाणी, देवापुढे दहा रुपये. रोज १५० च्या वर गेलात तर तुम्ही दिंडीत असूनही हॉटेलातली वारी करताय.

६. जिथे खिसा सुटतो ती ठिकाणं

पुणे. दोन रात्री. पाय दुखत असतात, नातेवाईक भेटायला येतात, लक्ष्मी रोड जवळ असतो. पुण्यात दाढी, चप्पल शिवणं, पाय चेपणं, औषधं अशी सेवा पुष्कळ ठिकाणी मोफत मिळते, ती जरूर घ्या. चपलेचा अंगठा सैल झाला असेल तर इथेच शिवा. पण खरेदी नको. विकत घेतलेली प्रत्येक वस्तू पुढे सव्वादोनशे किलोमीटर जाणार आहे.

पुणे ते सासवड. वारीतली सगळ्यात लांब चाल, त्यात दिवे घाटाची चढण, आणि ज्येष्ठ वद्य एकादशीही बहुतेक वर्षी याच दिवशी येते. म्हणजे उपास. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, केळी, ताक असं करत दीडशे-दोनशे रुपये सहज जातात आणि पोटाला आधार असा नसतोच. घरून आणलेला लाडवांचा डबा याच दिवसासाठी. सोबत मीठ-साखरेचं पाणी. घाटात गर्दी अंगावर येते, त्यामुळे या दिवशी वरच्या खिशात शंभरपेक्षा जास्त ठेवू नका.

सासवडला पुन्हा दोन रात्री. कपडे धुऊन वाळवायची ही जागा. बाहेर धुवायला देऊ नका. निघायच्या दिवशी ओले परत मिळतात.

जेजुरी. गडावर जाणार असाल तर भंडारा, खोबरं, प्रसाद आलाच. घरच्यांसाठी किलोभर भंडारा घेऊ नका. पुढे पावसात पिशवी भिजते आणि आतलं सगळं पिवळं होतं. एक छोटी पुडी पुरे. बाकीचा पुन्हा कधी एसटीने येऊन घ्या.

लोणंद आणि फलटण. बाजार मोठे. दोन रात्रींचा मुक्काम असेल त्या वर्षी लोणंदला जपून. फलटणला मात्र ठरवून थांबा: औषधं संपत आली असतील तर घ्या, साठा मोजा. इथे अर्धी वारी झालेली असते. साठ्यातले निम्म्याहून जास्त गेले असतील तर आजपासून बाहेरचा चहा बंद. कडक वाटेल, पण बरड-नातेपुत्यानंतर उसने मागण्यापेक्षा सोपं आहे.

रिंगणं. चांदोबाचा लिंब, सदाशिवनगर, खुडूस फाटा, ठाकूरबुवा, बाजीराव विहीर. घोडा धावला की सगळे त्याच्या टापेखालची माती घ्यायला झेपावतात. चपला, चष्मे आणि पाकिटं इथेच जातात. बसण्याआधी पिशवी पोटाशी बांधा.

उरलेली गावं, वाल्हे, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, यांत वेगळं सांगण्यासारखं काही नाही. रोजचे शंभर पुरतात.

७. पाय आणि पोट बिघडलं तर

आधी सरकारी सोय. मार्गावर आरोग्य विभागाची पथकं असतात, औषधं आणि मलमपट्टी मोफत. १०८ ची रुग्णवाहिकाही मोफत. त्याशिवाय अनेक संस्थांचे दवाखाने असतात. नवखे लोक लाजतात आणि मेडिकलमधून स्वतःच वेदनाशामक गोळ्या घेतात. पैसेही जातात आणि उपाशीपोटी गोळ्या घेऊन पित्त खवळतं.

फोड आला तर फोडू नका, स्वच्छ कापड बांधा आणि पथकाला दाखवा. जुलाब लागले तर ओआरएस मागून घ्या आणि एक दिवस ट्रकने पुढे जा. एक दिवस चाललं नाही तर वारी मोडत नाही. दोन दिवस ओढून चालून मग खासगी दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली की दोन-तीन हजारांना भोक पडतं, आणि वारी तिथेच सुटते ते वेगळंच.

सावध: मधुमेह असेल तर ‘उपास आहे’ म्हणून गोळी-इन्सुलिनचं गणित मनाने बदलू नका. हे घरून निघतानाच डॉक्टरांना विचारा.

८. वाखरी ते काला

वाखरीला पोहोचलात की साठा मोजा. परतीचं भाडं बँकेत तसंच आहे ना ते बघा, आणि पंढरपुरातल्या पाच दिवसांचे पैसे वेगळे काढूनच पुढचे पाच किलोमीटर चाला. पंढरपुरात भाव चढलेले असतात आणि मन सैल झालेलं असतं.

राहायचं दिंडीबरोबरच. एकादशीच्या आसपास आयत्या वेळी खोली शोधणं म्हणजे अडल्या गरजेचे पैसे. घरचे लोक परस्पर पंढरपूरला येणार असतील तर त्यांच्या जागेचं आधीच दिंडीचालकांशी बोला. वाखरीत सांगून उपयोग नाही.

चंद्रभागेत स्नान आळीपाळीने. एकजण काठावर कपडे-पिशव्या घेऊन बसणार, बाकीचे पाण्यात. अनोळखी माणसाला ‘जरा बघा हो’ म्हणून सांगायचं नाही.

दर्शनाला पैसे लागत नाहीत. पदस्पर्शाची रांग खूप वेळ घेते, रात्र रांगेतच जाऊ शकते. मुखदर्शनाची रांग लवकर सरकते. पुष्कळ वारकरी कळसाला हात जोडतात, नगरप्रदक्षिणा करतात आणि काल्याला उभे राहतात. ‘इतके द्या, लगेच सोडतो’ असं कुणी म्हटलं तर ती फसवणूक समजा आणि पुढे व्हा.

प्रसादाची खरेदी एकाच दिवशी, एकाच वेळी, यादी करून: चुरमुरे, बत्तासे, बुक्का, कुंकू, दोन तुळशीच्या माळा. पाचशेत वीस घरांना पुरतं. एकादशीच्या दिवशी नको, द्वादशीनंतर गर्दी उतरल्यावर घ्या. मंदिराच्या अगदी दारात घेण्यापेक्षा दोन गल्ल्या सोडून घ्या.

काल्यानंतर आचारी, ट्रकचे चालक, टँकरवाले, राहुट्या ठोकणारी पोरं यांच्यासाठी दिंडीत वर्गणी निघते. त्याचे तीनशे आधीच बाजूला ठेवा. ज्यांनी अठरा दिवस रोज तुमची वळकटी चढवली-उतरवली त्यांच्यापुढे खिसा चाचपत उभं राहणं बरं दिसत नाही.

९. परतीचा प्रवास

एसटीने यायचं असेल तर सवलतीला कोणतं ओळखपत्र लागतं ते आधी विचारून जवळ ठेवा. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. यात्रेच्या काळात जादा गाड्या सुटतात आणि त्या तात्पुरत्या स्थानकांवरून, भागाप्रमाणे वाटून सुटतात. मुख्य स्थानकावर सामानासकट जाऊन मग रिक्षा करणं हा हमखास जाणारा शंभरचा आकडा. कोणत्या स्थानकावरून तुमची गाडी आहे ते आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा. रेल्वेचं म्हणाल तर मिरज-कुर्डुवाडी मार्गावर विशेष गाड्या असतात, पण ज्येष्ठांची रेल्वे सवलत २०२० सालापासून बंद आहे. बरेच आजोबा अजून ती धरूनच निघतात.

दिंडीच्या ट्रकमधून परत जाणार असाल तर त्याचं भाडं भिशीत आहे का हेही भिशी देतानाच विचारायचं. विचारलं नसेल तर आता विचारा.

१०. नमुना हिशोब

एक माणूस, दिंडीबरोबर, २४ दिवस. भिशीच्या जागी तुमच्या दिंडीचा आकडा घाला.

भिशी (समजा): ४,०००
निघण्यापूर्वीची खरेदी: १,२००
हातखर्च, रोज १०० प्रमाणे: २,४००
दोन एकादशींचा जादा खर्च: ३००
किरकोळ औषधं: ३००
पंढरपूरचा प्रसाद: ५००
सेवेकऱ्यांची वर्गणी: ३००
घर ते आळंदी आणि परत: ६००
एकूण: ९,६००
त्यावर अडीनडीला, बँकेत: १,५००

म्हणजे ११,१०० ची तयारी. नवरा-बायको दोघं असाल तर सरळ दुप्पट करू नका. पॉवर बँक एकच, औषधांचा डबा एकच, प्रसाद एकाच घराचा. महिलेचं एसटीचं तिकीट अर्धं. मात्र अडीनडीचे पैसे दोघांच्या नावावर वेगवेगळे ठेवा, कारण गर्दीत चुकामूक झाली की एकाकडे सगळे पैसे आणि दुसऱ्याकडे दोघांचे टाळ असं होतं. मागच्या खेपेला बरडच्या अलीकडे आमच्या दिंडीतल्या एका काकूंची अशीच चुकामूक झाली. काका पैशांसकट पुढे, काकू मागे. चहापुरते पैसेही नव्हते, पण दिंडीचा नंबर पाठ होता. रात्री आठला त्या राहुटीत हजर झाल्या, आणि काकांकडून आधी दोनशे रुपये मोजून घेऊन मगच जेवायला बसल्या.